यॉटवर लागणारे दाखले

२ मार्च २००३, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणी वाचू नये म्हणून वहीच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत ‘रसायनशास्त्र, प्रश्नसंच ४’ असं लिहिलं. मग लक्षात आलं की हे लातूर आहे. इथे अंगणात सोनं राहील, पण प्रश्नसंच राहणार नाही. कव्हर बदललं. आता वहीवर ‘उपवासाचे पदार्थ’ असं आहे.
ठराव एक : मी, राघवेंद्र अनंतराव, वय बत्तीस, वर्षाच्या आत यॉटवर नोकरीला लागणार. यॉट म्हणजे बड्या माणसाची खाजगी बोट. ठराव दोन : हे कोणालाही कळू द्यायचं नाही.
सध्या मी एका कोचिंग क्लासमध्ये अ‍ॅकॅडमिक को-ऑर्डिनेटर आहे. टेस्टचे पेपर मीच वाटतो आणि मीच गोळा करतो. नाना, म्हणजे माझे वडील, याला शिपाई म्हणतात. ते झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले. प्रायव्हेट सेक्टर त्यांना कळत नाही.

३ मार्च
ठराव दोन मोडला. दोष माझा नाही. धाकटी बहीण अपूर्वा म्हणाली, दादा, सकाळी सकाळी काय लिहून राहिलास? उपवासाचे पदार्थ म्हणालो. ती म्हणाली, तू तर एकादशीला भजे खातोस. पुरावाच ठेवला समोर. सांगावं लागलं. मात्र नानांना सांगू नको अशी शपथ घातली.
संध्याकाळी नाना म्हणाले, बोटीवर उलट्या होतेत म्हणे. म्हणजे घर फितूर आहे.

५ मार्च, नांदेड
क्लासला दांडी मारून एसटीने नांदेडला आलो. वीरण्णाला गाठलं. हा देगलूरचा, कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसायचा. बारावीला तीनदा बसला. आता मुंबईत एका शेटच्या यॉटवर कामाला आहे आणि सुट्टीत इथे बहिणीकडे उतरतो. घरातसुद्धा गॉगल.
कागदपत्रं काय लागतात ते सरळ विचारलं. म्हणाला, पासपोर्ट, मेडिकल आन चार बारके कोर्स. पाण्यात जीव वाचवायचा, आग विझवायची, फर्स्ट एड, आन बोटीवर कसं ऱ्हायाचं ते. आठ-धा दिवसात खतम. बास, एवढंच हाय.
एवढंच? झेडपीत शिपायाच्या जागेला अकरा दाखले जोडावे लागतात. करोडोच्या बोटीवर सहा कागदांत कोण घेतो? मी खोदून विचारलं. रहिवासी? वर्तणुकीचा दाखला? नॉन-क्रिमीलेअर? वीरण्णा नुसता हसत राहिला. तू कायकू टेन्शन घेऊन राहिला रे, म्हणाला. माणूस हसायला लागला की समजावं, काहीतरी दडवतोय. माझ्यासारखा शिकलेला उमेदवार बोटीवर आला तर याचं प्रमोशन गेलं.

९ मार्च, लातूर
फाइल तयार. एकूण तेवीस दाखले. रहिवासी, राष्ट्रीयत्व, उत्पन्न, वर्तणूक, मराठी टायपिंग तीस, एमएस-सीआयटी, एनएसएसचं शिबिर, रक्तदान, वक्तृत्व स्पर्धा उत्तेजनार्थ. सगळ्यांच्या सत्यप्रती, तीन-तीन.
सगळ्यात वजनदार कागद भूकंपग्रस्ताचा. त्र्याण्णवला औशाकडचं आमचं घर पडलं. आई त्यात गेली. पुढे सरकारने दाखला दिला, सरकारी नोकरीत त्यावर राखीव जागा असते. घरटी एकालाच चालतो, म्हणून मुलगा या नात्याने माझ्या नावावर झाला. त्यावर सात परीक्षा दिल्या. सातही वेळा पेपर फुटलेला असणार, माझ्यापर्यंत तेवढा पोचला नाही.
यॉटवाले भूकंपग्रस्ताला दोन-चार टक्के ठेवत असतीलच. वीरण्णाला ठाऊक नसेल. देगलूरला फार काही पडलं नव्हतं.
शिवाय मुलाखतीत उत्तर तयार आहे. समुद्रच का? तर जमिनीवर माझा विश्वास नाही. पाणी हलणार हे आधीपासून माहीत असतं.

११ मार्च
कट उघड झाला.
अपूर्वाने दुपारी चहा आणून दिला. (चहा मागितला नव्हता.) मग म्हणाली, दादा, शिक्षण सेवकाची भरती निघून राहिली म्हणतेत. तुला यंदा तो भूकंपाचा दाखला लागनार हाय का? नसंल तर माझ्या नावावर करून घेता येतो, तुझं संमतीपत्र लागतं नुसतं.
तिचं डी.एड. झालंय. सहा वर्षं घरी पहिली ते चौथीच्या शिकवण्या घेते. मी म्हणालो, मला बोटीवर लागतो. ती लगेच म्हणाली, हो का? मग राहू दे. आणि कप उचलून आत गेली.
लगेच! वाद नाही, रडणं नाही, नानांकडे तक्रार नाही. इतक्या सहज कोणी काही सोडत नसतं. यामागे मोठी योजना आहे. ती बहुतेक माझी सही गिरवणार.

१७ मार्च
आज मी एक चाल केली, तिला तोड नाही. तेवीसच्या तेवीस ओरिजिनल दाखले लॅमिनेट करून आणले. घरी कारण सांगितलं, समुद्राची हवा खारट, कागद टिकत नाही. खरं कारण असं की नाव बदलायचं तर ओरिजिनलवर शेरा आणि शिक्का लागतो. प्लॅस्टिकवर शिक्का उठत नाही. आता गिरवा सही.
अपूर्वाने फाइल पाहिली. म्हणाली, छान केलंस, पान्यात पडली तरी भ्या न्हाई. नाटक उत्तम करते.

२० मार्च
तहसीलमध्ये गेलो, वर्तणुकीच्या दाखल्यावर ‘परदेशी जाण्यास योग्य’ असा शेरा मागायला. काउंटरवरच्या महानंदाबाईंनी दाखला उजेडात धरला. म्हणाल्या, हे काय करून ठेवलंत? याच्यावर आता काय लिहू, माझं कपाळ? नवा दाखला काढा, एक महिना लागंल.
म्हणजे चाल यशस्वी आहे. जे सरकारला जमत नाही ते अपूर्वाला काय जमणार.

२ एप्रिल
पोहण्याची तयारी सुरू. कोर्सला पाण्यात उडी मारावी लागते. मला पोहता येत नाही, पण मी लातूरचा आहे. कोणताही विषय नोट्स आणि सराव परीक्षा यांच्यापुढे टिकत नाही. लायब्ररीतून पुस्तक आणून पोहण्यावर तीनशे वस्तुनिष्ठ प्रश्न काढले. पहिल्या टेस्टमध्ये २७१ गुण. निगेटिव्ह मार्किंग धरून.
पाट मांडून त्यावर पालथा पडलो आणि हातपाय मारले. नानांनी विचारलं, पोट दुखायलंय का?

२० एप्रिल, नांदेड
गोदावरीचा घाट. वीरण्णाने पाठीला रिकामा डबा बांधला आणि म्हणाला, मार उडी. डब्याला चीर नसेल कशावरून? तपासायला मागितला. झाकण उघडलं, वास घेतला, उन्हात धरला. तोवर वीरण्णा दोनदा पलीकडे जाऊन आला.
गुडघाभर पाण्यात उतरलो. पाय सरकला. एकशे चौदाव्या प्रश्नाचं उत्तर (क) होतं हे आठवलं, पण (क) म्हणजे काय ते आठवेना. वीरण्णाने केस धरून बाहेर काढलं.
सरावसंचात त्रुटी आहेत. रिव्हिजन करणार.

३० एप्रिल
शिक्षण सेवक भरतीच्या अर्जाची आज शेवटची तारीख. दिवसभर अपूर्वावर नजर ठेवली. सकाळी पोस्टात गेली, जाडसर पाकीट होतं. माझी फाइल मोजली. तेवीस. भूकंपग्रस्त दाखला जागेवर. प्लॅस्टिक शाबूत.
मग पाकिटात काय होतं? हे कळेपर्यंत जेवण गोड लागणार नाही. (दोन पोळ्या कमी खाल्ल्या. आमरस होता म्हणून भागलं.)

२८ मे, नांदेड
पोहलो.
डबा सोडून, वीस-पंचवीस हात. पाणी तोंडात गेलं, पण मी वर होतो. वीरण्णा काठावरून ओरडत होता, हाव, हाव, अस्संच. नदी थंड होती. बाहेर आल्यावर मी वीरण्णाला मिठी मारली. त्याच्यावर घेतलेले काही संशय मागे घेतले. सगळे नाही. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

१९ जून, लातूर
पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. घरात यायच्या आधी शेजारच्या नीलाबाईंकडे गेला. मी भिंतीला कान लावला. नीलाबाई म्हणाल्या, पोरगा चांगला हाय, पन धा वर्षं झाली अंगनातच झोपतो. थंडी असो, पाऊस असो. पाऊस आला की वर ताडपत्री बांधतो, आत येत न्हाई.
पोलिसाने मला विचारलं, असं का? मी सांगितलं, ऑक्सिजन. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.
नीलाबाईंना कोणीतरी पढवलेलं आहे. अपूर्वाचं त्यांच्याकडे येणं-जाणं आहे.

२८ जुलै
पासपोर्ट आला. फोटोत माझा चेहरा पाहून वाटतं, या माणसाला सोडू नये.
क्लासच्या सरांना राजीनामा दिला. चार पानी. संस्थेची पोकळी कशी भरून काढावी याचं एक पान वेगळं. सरांनी न वाचता सही केली आणि म्हणाले, छान, छान. जाता जाता ती खोक्यं वर ठेवून जा.
इतक्या लवकर सोडतात म्हणजे सर आतून हादरलेत.

१८ ऑगस्ट, मुंबईच्या बाजूला
ट्रेनिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये दाखल. निघताना अपूर्वाने दशम्या, शेंगाची चटणी आणि फाइलला शिवलेली कापडी पिशवी दिली. पिशवीच्या शिवणी उसवून पाहिल्या. काही नव्हतं. पुन्हा शिवता आल्या नाहीत.
मेडिकल झालं. फॉर्मवर प्रश्न होता, बंद जागेची भीती वाटते का? ‘नाही’वर खूण केली. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा सांगितलेलं त्यांना का पटलं नाही ते कळलं नाही.

१९ ऑगस्ट
काउंटरवर फाइल ठेवली. तिथल्या बाईंनी पासपोर्ट, मेडिकल आणि दोन फोटो काढून घेतले आणि बाकीची फाइल परत सरकवली. मी म्हणालो, आणि हे तेवीस? त्या म्हणाल्या, हे काय आहे?
मी वक्तृत्वापासून सुरुवात केली. शेवटी भूकंपग्रस्ताचा दाखला हातात दिला आणि कोटा विचारला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या बाईंना बोलावलं. दोघींनी मिळून वाचला. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या हळूच म्हणाल्या, तुम्हाला फार लागलं नव्हतं ना तेव्हा?
मी म्हणालो, नाही.
कोटा आहे की नाही हे त्यांनी सांगितलंच नाही. प्रश्न टाळण्याची ही नवीनच पद्धत.

२२ ऑगस्ट
उडी मारली. लाइफ जॅकेट घालून, नाक धरून, उंचावरून. पास! फर्स्ट एड पास. बोटीवर कसं वागायचं, त्यातही पास. वर्गातली बाकीची पोरं किनाऱ्याकडची, मला ‘लातूर’ अशी हाक मारतात. मी कॅप्टन झालो की यांची बदली करणार.

२३ ऑगस्ट, दुपारी
आगीचा कोर्स. एका पत्र्याच्या बंद खोलीत धूर सोडतात. आत अंधार. गुडघ्यांवर रांगत, भिंतीला हात लावून, पलीकडच्या दारातून बाहेर यायचं. दोन मिनिटांचं काम आहे.
मी गेलो त्याच दारातून बाहेर आलो. धूर भेसळीचा होता.

२३ ऑगस्ट, संध्याकाळी
दुसरा चान्स दिला. इन्स्ट्रक्टर माझ्याबरोबर आत आले. चार पावलं गेलो. मग हाताला भिंत लागली आणि मी तिथेच बसलो. उठता येईना. ते म्हणत होते, मी आहे, पुढे चला. ऐकू येत होतं.
आमच्या पडलेल्या माळवदाची माती आणि लाकडं अशीच लागली होती हाताला. पहाटेपासून दहा वाजेपर्यंत मी आत होतो. आई पलीकडे होती. सुरुवातीला बोलत होती.
इन्स्ट्रक्टर म्हणाले, पुढच्या बॅचला या, हा एकच राहिलाय, मी स्वतः करून घेतो. माझ्यावर त्यांचा काय डाव आहे, कळत नाही. एवढा चांगला माणूस मी पाहिलेला नाही.

२७ ऑगस्ट, लातूर
घरी आलो. निकाल यायचा आहे, असं सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, मी परत जाईन तेव्हा तो येईल. अपूर्वाने पोहण्याबद्दल सगळं विचारलं. उडी किती उंचीवरून मारली? दोन मजले, म्हणालो. ती शिकवणीच्या पोरांना सांगायला गेली.
ठराव : सप्टेंबरच्या बॅचला जायचं. सरावासाठी आज खोलीत, दार लावून बसलो. एक मिनिट दहा सेकंद. मग दार उघडलं, कारण नाना देवपूजेला बसले होते आणि त्यांना काही लागलं असतं तर.

३० सप्टेंबर
दहा वर्षं झाली. नाना आणि अपूर्वा सकाळी गावाकडे जाऊन आले. मी गेलो नाही, पाठ धरली होती.
सप्टेंबरच्या बॅचला गेलो नाही. पितृपंधरवडा आणि एसटीची गर्दी.
आज एक निर्णय घेतला, आणि माझ्या मनाचा मोठेपणा पाहून मला स्वतःलाच भरून आलं. दाखला अपूर्वाला द्यायचा. संमतीपत्राचा मसुदा तयार केला. ‘मी खुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय.’ योग्य वेळ पाहून सगळ्यांसमोर जाहीर करीन. दिवाळीला करावं.

१२ नोव्हेंबर, दुपारी ३
भरतीची यादी लागली. अपूर्वाबरोबर पाहायला गेलो. कारण एप्रिलमधलं ते जाडसर पाकीट माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. आज हिचा डाव उघडा पडणार होता. संमतीपत्र खिशात होतं (दिवाळीला फराळाच्या गडबडीत जाहीर करायचं राहिलं), पण आधी पुरावा.
तिचं नाव खुल्या वर्गाच्या यादीत सापडलं. दोन गुणांनी राहिली. पाकिटातल्या अर्जात तिने भूकंपग्रस्त दाखल्यापुढे ‘लागू नाही’ लिहिलं होतं, तसंच तिथे छापलं होतं.
त्याच बोर्डावर खाली भूकंपग्रस्तांची यादी होती. महिलांच्या दोन जागा. एकीवर नाव. दुसरीपुढे, ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही, पद रिक्त’. मी ते चार वेळा वाचलं. अपूर्वाने एकदाच वाचलं आणि म्हणाली, चल दादा, ऊन व्हायलंय.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
वाटेत मी विचारलं, तू दाखला पुन्हा का नाही मागितलास? एकदाच मागितलास. जरा भांडली असतीस तर?
ती म्हणाली, तू म्हनला की बोटीवर लागतो. मग कशाला भांडू?
मी म्हणालो, आणि तुझा विश्वास बसला?
तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, बसनार न्हाई तर काय. तू उडी मारलास ना दोन मजल्यावरून.
घरी आल्यावर मी संमतीपत्र काढून तिच्यासमोर धरलं. म्हणालो, पुढच्या भरतीला घे. आत्ताच घे. तिने वाचलं, घडी केली आणि माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवलं. म्हणाली, अरे, अजून तुझा निकाल यायचाय. बोटीवर मागितला म्हंजे? एकदा तू तिकडं पक्का झालास की मग दे. मी थांबते.
मला खूप लाज वाटली. निकालाचं खरं सांगून टाकायचं म्हणून मी तिला हाक मारली. ती पोळ्या करता करता वळली, काय रे दादा?
मी म्हणालो, मीठ कुठे आहे?
तिने दिलं.